स्मार्टफोन आणि टॅबलेट यांवरील मराठी लेखनाची सुलभता : एक तुलनात्मक विचार

परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या स्मार्टफोनांची आणि टॅबलेटांची तुलना करताना ‘वापरावयास सोपे’ हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. कॅमेऱ्याची शक्ती, मेमरीचे आकारमान, बॅटरीचे आयुष्य या गोष्टी अंकांत सांगता येतात. सुलभता मात्र अशा रीतीने सांगितली जात नाही. ती गृहीत धरली जाते, किंवा विक्रेत्याच्या शब्दावर सोडून दिली जाते. वस्तुतः सुलभता ही मोजता येणारी गोष्ट आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या आणि २०१८ साली सुधारलेल्या आयएसओ ९२४१-११ या मानकात तिची तीन अंगे सांगितली आहेत : काम पुरे होते की नाही, ते किती वेळात व श्रमात होते, आणि करणाऱ्यास त्यात समाधान वाटते की नाही. परंतु या तीन अंगांपेक्षाही त्या व्याख्येतील एक अट अधिक महत्त्वाची आहे. ही मोजणी विशिष्ट वापरकर्ता, विशिष्ट काम आणि विशिष्ट परिस्थिती यांच्या संदर्भातच करावयाची असते. कोणासाठी व कशासाठी हे न सांगता एखादे यंत्र ‘सोपे’ म्हणणे हे, कोणत्या वाटेने व कोणत्या ऋतूत हे न सांगता एखादे गाव ‘जवळ’ म्हणण्यासारखे आहे.

प्रस्तुत लेखात हा संदर्भ निश्चित करून तुलना केली आहे. काम एकच घेतले आहे, ते म्हणजे मराठी लिहिणे. स्थळही एकच घेतले आहे, ते म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी. या मर्यादित कसोटीवर निरनिराळी यंत्रे आणि लेखनपद्धती पारखून पाहिल्या असता असे दिसून येते की, यंत्राची सुलभता ही केवळ यंत्रात नसते. वापरणाऱ्याच्या हाताला, डोळ्याला आणि जिभेला पूर्वी जे वळण लागलेले असते त्याच्याशी यंत्राचा मेळ किती बसतो, यावर ती अवलंबून असते.

स्थळ आणि त्याची शब्दसंपदा

देवगाव रंगारी हे संत बहिणाबाईंचे (१६२८–१७००) जन्मगाव म्हणून ओळखले जाते. त्यांची समाधी वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे आहे. वेरूळची लेणी याच परिसरातील. पितळखोऱ्याची लेणी आणि गौताळ्याचे अभयारण्य ही कन्नड तालुक्याच्या बाजूची. कन्नडच्या उत्तरेस घाट उतरला की चाळीसगाव लागते आणि मराठवाड्याची बोली खानदेशी बोलीला भेटते.

ही नावे येथे केवळ भूगोल म्हणून दिलेली नाहीत. भाषेच्या दृष्टीने ती फार उपयोगी आहेत. वेरूळ, पितळखोरे, गौताळा या तिन्ही नावांत ‘ळ’ आहे. बहिणाबाई या नावात ‘ण’ आहे. शिऊर या नावात इकारानंतर स्वतंत्र ‘ऊ’ येतो. देवगाव रंगारी या नावात दोन वेळा ‘गा’, एक अनुस्वार आणि शेवटी दीर्घ ईकार आहे. गावातील माणसास पत्ता लिहिताना, निरोप पाठविताना, अर्ज भरताना हीच नावे नित्य लिहावी लागतात. यास्तव एखादा फोन येथे सोपा आहे काय, या प्रश्नाचे पहिले उत्तर ही नावे त्यावर किती सहज व किती अचूक लिहिली जातात यातच शोधावे लागेल.

लेखनाचे पाच मार्ग

आजच्या स्मार्टफोनवर मराठी लिहिण्याचे मुख्यतः पाच मार्ग आहेत. प्रत्येक मार्ग माणसाच्या एका निराळ्या पूर्वशिक्षणावर उभा आहे.

पहिला मार्ग इन्स्क्रिप्ट कळफलकाचा. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली तो प्रमाण ठरविला आणि १९९१ सालच्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात त्याचा समावेश झाला. यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला असतात. अल्पप्राण आणि त्याचा महाप्राण, उदाहरणार्थ क आणि ख, एकाच कळीवर असतात. ही रचना ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने सुसंगत आहे. पण तिची सोय दहा बोटांनी लिहिणाऱ्यास आहे. ज्याने ती संगणकावर शिकली त्यास ती फोनवरही ओळखीची वाटते. ज्याने शिकलेली नाही त्यास प्रत्येक अक्षर शोधावे लागते.

दुसरा मार्ग वर्णमालेचा. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी तयार केलेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक या मार्गाचे उत्तम उदाहरण होय. तो २०१३ साली अँड्रॉइड फोनांसाठी उपलब्ध झाला. त्यात व्यंजने क, ख, ग, घ या शाळेत पाठ केलेल्या क्रमाने मांडलेली असतात. एखाद्या व्यंजनावर बोट ठेवले की त्याच्याभोवती चक्र उमटते आणि त्यात का, कि, की, कु, कू अशी रूपे दिसतात. हव्या त्या रूपाकडे बोट सरकविले की ते अक्षर लिहिले जाते. म्हणजे बाराखडी येथे प्रत्यक्ष पडद्यावर उमटते. ज्याने पाटीवर बाराखडी गिरविली आहे, त्यास नवे असे थोडेच शिकावे लागते.

तिसरा मार्ग रोमन लिपीचा. येथे इंग्रजी अक्षरे टंकित करावयाची आणि यंत्राने त्यांतून मराठी शब्द ओळखावयाचा. ज्यास इंग्रजी कळफलकाची सवय आहे, त्या विद्यार्थ्यास हा मार्ग जलद वाटतो. चौथा मार्ग हस्तलेखनाचा. पडद्यावर बोटाने अक्षर काढले की यंत्र ते ओळखते. गूगलने २०१५ साली प्रसृत केलेल्या हस्तलेखन-साधनात देवनागरीचा समावेश होता. पाचवा मार्ग वाणीचा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत ज्या आठ भारतीय भाषांची भर घातली, त्यांत मराठी होती.

यांखेरीज एक जुना संस्कार लक्षात घ्यावा लागतो, तो टंकयंत्राचा. कचेऱ्यांत काम केलेल्या आणि मिनिटास तीस शब्दांची मराठी टंकलेखन परीक्षा दिलेल्या माणसांचा हात निराळ्या क्रमाने चालतो. टंकयंत्रावर अक्षरे दिसतील त्या क्रमाने उमटवावयाची असतात. म्हणून ‘शिऊर’ लिहिताना आधी ऱ्हस्व इकाराची वेलांटी आणि मग ‘श’. इन्स्क्रिप्टमध्ये आणि युनिकोडच्या साठवणीत क्रम उच्चाराप्रमाणे असतो : आधी ‘श’, मग वेलांटी. टंकयंत्रावर वीस वर्षे काढलेल्या लिपिकास नवा फोन अवघड वाटतो, त्याचे कारण त्याचे वय नसून त्याचे कौशल्य होय. त्याच्या बोटांत एक क्रम पक्का बसलेला असतो आणि यंत्र दुसरा मागत असते.

गावाच्या नावाची परीक्षा

आता ‘देवगाव रंगारी’ हे नाव या मार्गांनी लिहून पाहावे. युनिकोडमध्ये त्याचे घटक असे पडतात : द, एकार, व, ग, आकार, व, मग रिकामी जागा, नंतर र, अनुस्वार, ग, आकार, र, ईकार. एकूण तेरा. इन्स्क्रिप्टवर यांतील प्रत्येक घटक शिफ्ट न दाबता मिळतो, म्हणून तेरा कळी पुरतात. स्वरचक्रावर दे, व, गा, व, जागा, र, अनुस्वार, गा, री अशा नऊ क्रिया होतात. अनुस्वारासाठी वेगळी कळ धरून ही मोजणी केली आहे. रोमन मार्गाने ‘देवगाव’साठी सहा अक्षरे, एक जागा आणि ‘रंगारी’साठी सात अक्षरे, मिळून चौदा कळी लागतात.

केवळ संख्येकडे पाहिले तर या मार्गांत मोठे अंतर नाही. अंतर पडते ते निश्चिततेत. पहिल्या दोन मार्गांत दाबलेल्या कळीतून एकच अक्षर निघते. रोमन मार्गात तसे होत नाही. रोमन ‘ए’ हे अक्षर ‘अ’ आणि ‘आ’ या दोहोंसाठी वापरले जाते. ‘आय’ हे ऱ्हस्व व दीर्घ दोन्ही इकारांसाठी. ‘रंगारी’ या शब्दात अशी तीन स्वरस्थाने आहेत. प्रत्येकी दोन शक्यता धरल्या तर दोनाचा तीन वेळा गुणाकार होऊन आठ वाचने निघतात. ‘एन’ या अक्षरातून अनुस्वार घ्यावयाचा, ‘न’ घ्यावयाचा की ‘ण’, हा प्रश्न निराळाच. शिवाय गावाचे नाव इंग्रजीत ‘देओगाओन’ असे वाचता येईल अशाही वर्णांनी लिहिण्याची प्रथा आहे. ती वर्णरचना जशीच्या तशी टंकित केली तर यंत्रास आणखी एक कोडे घातल्यासारखे होते.

‘वेरूळ’ या नावाची परीक्षा याहून बोलकी आहे. रोमन लिपीत त्यास पाच अक्षरे लागतात आणि त्यांतून वेरुल, वेरूल, वेरुळ, वेरूळ अशी चार वाचने संभवतात. यांपैकी एकच बरोबर आहे. रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांचा भेद करणारे सर्वमान्य चिन्ह नाही, आणि मराठीत तर हा भेद अर्थ बदलतो : काल आणि काळ, वेल आणि वेळ, गोल आणि गोळ. म्हणजे ल आणि ळ हे मराठीचे दोन स्वतंत्र स्वनिम होत.

हे कोडे सोडविण्यासाठी रोमन मार्गाची यंत्रे शब्दसाठ्याचा आधार घेतात. पूर्वी अधिक वेळा लिहिला गेलेला शब्द ती प्रथम सुचवितात. साहजिकच सर्वत्र वापरले जाणारे शब्द चटकन मिळतात. वेरूळ हे जगप्रसिद्ध असल्याने तेही मिळेल. परंतु एखादी वस्ती, शिवार, ओढा, आडनाव यांची नावे शब्दसाठ्यात विरळ असतात. ज्या शब्दांची त्या गावात सर्वांत अधिक गरज, तेच शब्द यंत्रास सर्वांत कमी परिचित, अशी ही विसंगती आहे. मोठ्या शहरातील वापरकर्त्यास ती फारशी जाणवत नाही. खेड्यातील वापरकर्त्यास ती पावलोपावली जाणवते.

लिहिणाराची सोय आणि वाचणाराची गैरसोय

या संदर्भात एका जुन्या लिपीचे स्मरण उपयुक्त ठरेल. मराठी मुलुखात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दप्तरी लेखन मोडी लिपीत चाले. लेखणी शक्य तितकी न उचलता जलद लिहिता यावे, हा मोडीचा गुण होता. त्या वेगासाठी ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः सोडून दिला जाई. लिहिणाऱ्या कारकुनाचे श्रम वाचत. ते श्रम वाचणाऱ्याच्या वाट्यास येत. संदर्भ माहीत असलेल्या वाचकास ती अडचण वाटत नसे. अपरिचित नाव आले की मात्र वाचक अडखळे.

फोनवरील रोमन मराठीची स्थिती हीच आहे. अनेक लोक यंत्राने सुचविलेले देवनागरी रूप निवडण्याचेही कष्ट घेत नाहीत आणि संपूर्ण निरोप रोमन अक्षरांतच पाठवितात. घरच्या माणसास तो समजतो. परंतु तोच मजकूर तलाठ्याच्या, दवाखान्याच्या किंवा बँकेच्या नोंदीत गेला की ‘काल’ की ‘काळ’, ‘मान’ की ‘माण’, असे प्रश्न उत्पन्न होतात. सुलभतेचा हिशेब केवळ लिहिणाराच्या वेळात मांडणे म्हणूनच अपुरे आहे. वाचणाराचा वेळ आणि झालेल्या चुकीची किंमत हीसुद्धा त्यात धरली पाहिजे.

आचारी आणि आचार्य

मराठीच्या एका खास जोडाक्षराने ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. स्वयंपाक करणारा ‘आचारी’, त्याचे चतुर्थीचे रूप ‘आचाऱ्याला’. विद्वान गुरू तो ‘आचार्य’, त्याचे रूप ‘आचार्याला’. एकात ‘ऱ्य’, दुसऱ्यात ‘र्य’. तद्वत डोंगरांमधील ‘दऱ्या’ निराळ्या आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ निराळा. हिंदीच्या नेहमीच्या लेखनात या आडव्या रफाराची गरज पडत नाही. मराठीत ‘वारा, तारा, दोरी’ अशा शेकडो शब्दांच्या सामान्यरूपांत तो लागतो.

युनिकोडमध्ये यासाठी ‘ऱ’ हा वर्ण आहे आणि त्यास हलन्त जोडला की आडवा रफार मिळतो. इन्स्क्रिप्टवर ‘र’च्याच कळीवर शिफ्टसह तो बसविलेला आहे. ज्यास हे ठाऊक आहे त्यास काम सोपे. ठाऊक नसेल तर पडद्यावर पाहून ते कळण्यास मार्ग नाही. रोमन मार्गात ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांची अक्षरे एकच असतात. निवड सुचविलेल्या यादीतून करावी लागते, आणि जे रूप यादीत नाही ते लिहिणारा सहसा सोडून देतो. हस्तलेखनात मात्र लिहिणारा जे काढतो ते डोळ्यांसमोर असते. यंत्राने ते नीट ओळखले पाहिजे एवढीच अट.

याच प्रकारचे दुसरे उदाहरण ‘ॲ’ या अक्षराचे. ‘ॲप’ हा शब्द आज खेडोपाडी रूढ आहे. परंतु त्याच्या आरंभीच्या अक्षरास स्वतंत्र संकेतांक युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ साली मिळाला. त्यापूर्वी ‘अ’वर अर्धचंद्र देऊन काम भागवावे लागे, आणि आजही कित्येक कळफलकांवर लोक तसेच करतात. दिसावयास दोन्ही रूपे सारखी. यंत्राच्या दृष्टीने मात्र ती दोन निराळी अक्षरमालिका असल्याने शोध घेताना एक सापडते व दुसरी निसटते.

पडदा, बोट आणि अंतर

येथवर लेखनपद्धतींचा विचार झाला. आता यंत्रांच्या देहाकडे वळावे. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली असे दाखविले की, एखाद्या लक्ष्यापर्यंत हात नेण्यास लागणारा वेळ हा लक्ष्याचे अंतर आणि त्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. लक्ष्य दूर आणि लहान असेल तर वेळ अधिक, जवळ आणि मोठे असेल तर कमी. फोन आणि टॅबलेट यांच्या तुलनेचे सूत्र यातच आहे.

नेहमीच्या फोनच्या उभ्या पडद्याची रुंदी सुमारे सात सेंटीमीटर असते. तीत दहा कळींची ओळ बसवावयाची तर एकेका कळीस सात मिलीमीटर येतात. गूगलच्या मार्गदर्शक नियमांत स्पर्शलक्ष्याचे शिफारस केलेले माप सुमारे नऊ मिलीमीटर आहे. इंग्रजीची सव्वीस अक्षरे तीन ओळींत कशीबशी मावतात. मराठीच्या स्वर, मात्रा, व्यंजने आणि चिन्हे यांची संख्या साठाच्या आसपास जाते. ती सर्व एका वेळी दाखवावयाची तर कळी अधिक लहान होतात; दोन थरांत विभागावयाची तर अर्धी अक्षरे दृष्टिआड जातात. स्वरचक्राची युक्ती या पेचातून निघाली आहे : मात्रांना स्वतंत्र कळी न देता त्या व्यंजनाभोवती, बोटाच्या अगदी जवळ आणल्या. फिट्सच्या सूत्रातील अंतर त्यामुळे कमी होते.

टॅबलेटवर जागा भरपूर असते, कळी मोठ्या होतात, वृद्ध वाचकास अक्षर स्पष्ट दिसते. पण दोन्ही हातांनी धरलेल्या टॅबलेटच्या मधल्या कळींपर्यंत अंगठे पोहोचत नाहीत; तो मांडीवर किंवा मेजावर ठेवावा लागतो. शाळेत बाकावर बसून लिहिणाऱ्या मुलास टॅबलेट सोयीचा. शेताच्या बांधावर उभ्याने, एका हातात पिशवी धरून निरोप लिहिणाऱ्यास फोनच सोयीचा. यंत्राच्या आकाराचा न्याय कामाच्या जागेवरून करावयाचा असतो.

पडद्याच्या जातीचाही परिणाम होतो. ऑक्टोबर २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी जो स्वस्त ‘आकाश’ टॅबलेट सादर झाला, त्याचा सात इंची पडदा दाबानुसार चालणारा होता; बोट नुसते टेकवून भागत नसे, दाबावे लागे. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या ‘आकाश २’ला स्पर्शाने चालणारा पडदा मिळाला. किंमत राखण्यासाठी पहिल्या यंत्रात केलेली काटकसर विद्यार्थ्याच्या बोटाला जाणवत होती. स्वस्त यंत्र हे वापरताना महाग पडू शकते, याचे हे सार्वजनिक उदाहरण होय.

दोन प्रणालींची वाटचाल

फोनांच्या दोन मुख्य प्रणाली म्हणजे ॲपलची आणि गूगलची अँड्रॉइड. पहिला आयफोन २००७ साली आणि पहिला अँड्रॉइड फोन २००८ साली आला. साधी, एकसारखी मांडणी हा ॲपलच्या यंत्रांचा गुण मानला जातो. विविधता आणि कमी किंमत हा अँड्रॉइडचा. मराठीच्या दृष्टीने मात्र निराळाच मुद्दा निर्णायक ठरला.

अँड्रॉइडने २००९ सालीच बाहेरच्या कोणासही कळफलक तयार करून बसविण्याची मुभा दिली. ॲपलने ती २०१४ साली, आपल्या प्रणालीच्या आठव्या आवृत्तीत दिली. या पाच वर्षांच्या अंतरामुळे भारतीय भाषांच्या कळफलकांचे बहुतेक प्रयोग प्रथम अँड्रॉइडवर झाले. उलट अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरी नीट दिसतही नसे. अक्षरांच्या जागी चौकोन उमटत किंवा जोडाक्षरे सुटी पडत आणि वेलांट्या जागा सोडीत. २०११ सालच्या ४.० या आवृत्तीपासून ही स्थिती पालटू लागली. पहिला ‘आकाश’ टॅबलेट त्यापूर्वीच्या २.२ या आवृत्तीवर चालणारा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे मराठी विद्यार्थ्याच्या हाती आलेले पहिले स्वस्त यंत्र मराठीसाठी किती अपुऱ्या तयारीचे होते हे कळते.

आज दोन्ही प्रणालींवर मराठी दिसते आणि लिहिताही येते. शासनानेही यात लक्ष घातले. २०१६ साली भारतीय मानक ब्यूरोने आयएस १६३३३ या मानकाचा तिसरा भाग प्रसिद्ध केला. त्यानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर बावीसही अधिकृत भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे. वाचनाची हमी सर्व भाषांना आणि लेखनाची हमी मोजक्या भाषांना, हा या मानकातील भेद सूक्ष्म असला तरी अर्थपूर्ण आहे.

अंगणवाडीचा फोन

सुलभतेचा प्रश्न केवळ सोयीचा नाही, हे महाराष्ट्रात २०२१ साली प्रकर्षाने दिसून आले. बालकांच्या पोषणाच्या नोंदी ठेवण्यासाठी केंद्र सरकारने त्या वर्षी मार्चमध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप सुरू केले. अंगणवाडी सेविकांनी त्यात बालकांची नावे, वजने, उंची आणि आहाराचा तपशील भरावयाचा होता. ॲप मराठीत नव्हते. शासनाकडून पूर्वी मिळालेले फोन कमी क्षमतेचे होते आणि वारंवार बंद पडत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे फोन शासनास परत करण्याचे आंदोलन केले. पुढे ते ॲप मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले.

या घटनेत सुलभतेची तिन्ही अंगे एकत्र दिसतात. सेविका आपल्या वहीत बालकांच्या नोंदी वर्षानुवर्षे मराठीत बिनचूक ठेवीत होत्या. म्हणजे कामाचे ज्ञान त्यांच्याकडे होते. नव्या यंत्राने त्या ज्ञानास वाट दिली नाही. देवगाव रंगारीसारख्या गावात बालकाचे नाव, आईचे नाव, वस्तीचे नाव हे सर्व मराठीत उच्चारले जाते. ते परक्या लिपीत भरावयाचे तर प्रत्येक नावाचे वर्णलेखन मनाने ठरवावे लागते, आणि एकाच बालकाचे नाव दोन नोंदींत दोन प्रकारे पडू शकते. मग यंत्राच्या लेखी ती दोन बालके होतात. अशा वेळी चूक सेविकेची मानली जाते. खरे पाहता ती मेळ न बसल्याची चूक असते.

वाणीचा मार्ग

ज्यास लिहिता येत नाही त्यास वाणीचा मार्ग हाच खरा सुलभ मार्ग होय, असे प्रथमदर्शनी वाटते. बहिणाबाई हे नाव येथे पुन्हा उपयोगी पडते, कारण त्या नावाची दुसरी कवयित्री खानदेशात होऊन गेली. जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आप्त यांनी ऐकून टिपून ठेवली, म्हणूनच १९५२ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ शकली. ऐकून टिपणारे माणूस घरात नसते तर काय झाले असते, याची कल्पना करता येते. आज ते काम फोन करू शकतो, ही मोठीच गोष्ट आहे.

पण टिपून घेणाऱ्या पुत्रास आईची बोली ठाऊक होती. यंत्रास मुख्यतः प्रमाण मराठी शिकविलेली असते. कन्नडचा घाट उतरल्यावर खानदेशी बोलीत ‘ळ’चा उच्चार अनेक ठिकाणी ‘य’सारखा होतो, मराठवाड्यातही ‘न’ आणि ‘ण’ यांचा भेद सर्वांच्या बोलण्यात सारखाच उमटतो असे नाही. बोली बोलणाऱ्याचे शब्द यंत्र प्रमाण रूपात वळविते किंवा भलताच शब्द लिहिते. लिहिता-वाचता येणारा माणूस ही चूक पाहून दुरुस्त करतो. ज्याच्यासाठी हा मार्ग सर्वांत आवश्यक, त्यास चूक झाल्याचेच कळत नाही. म्हणून वाणीच्या मार्गाबरोबर लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखविण्याची सोय असणे ही चैन मानू नये. ती त्या मार्गाची दुसरी बाजू आहे.

तुलनेची कसोटी

वरील विवेचनावरून फोन किंवा टॅबलेट निवडणाऱ्यासाठी, आणि विशेषतः शाळा, ग्रामपंचायत किंवा शासकीय विभाग यांच्यासाठी यंत्रे खरेदी करणाऱ्यासाठी, एक साधी कसोटी सांगता येईल. यंत्र हाती घेऊन पाच गोष्टी करून पाहाव्यात. आपल्या गावाचे, वस्तीचे आणि स्वतःचे नाव लिहावे. ‘ळ’, ‘ण’ आणि ‘ऱ्य’ असलेले शब्द लिहावेत. ज्यास ते यंत्र वापरावयाचे आहे त्याच्याच हाताने, त्याच्या नेहमीच्या कामाच्या जागी ते लिहवून घ्यावे. एक चूक मुद्दाम करून ती दुरुस्त करण्यास किती खटाटोप पडतो ते पाहावे. आणि लिहिलेला मजकूर दुसऱ्या बनावटीच्या फोनवर पाठवून तो तेथे जसाच्या तसा दिसतो की नाही याची खात्री करावी. या पाच गोष्टींना अर्धा तासही लागणार नाही. पण जाहिरातीतील कोणत्याही अंकांपेक्षा त्यांतून अधिक कळेल.

कोणत्या कंपनीचे यंत्र श्रेष्ठ, याचे एकच उत्तर या कसोटीतून निघणार नाही, आणि ते निघावे अशी अपेक्षाही नाही. पाटीवर शिकलेल्या गृहिणीस वर्णमालेचा कळफलक, महाविद्यालयीन विद्यार्थ्यास रोमन मार्ग, संगणक शिकलेल्या लिपिकास इन्स्क्रिप्ट, वृद्धास टॅबलेटवरील हस्तलेखन आणि निरक्षरास वाणी, असे निरनिराळे निष्कर्ष निघतील. जे यंत्र यांतील अधिकांत अधिक मार्ग खुले ठेवते आणि एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर विनासायास जाऊ देते, ते एका घरातील सर्व माणसांना सोपे, एवढे मात्र निश्चित म्हणता येईल.

लेखनसाधन बदलले की भाषेच्या लेखनावर त्याचा ठसा उमटतो, हे मोडीच्या इतिहासावरून दिसतेच. कागदावर ‘ल’ आणि ‘ळ’ काढण्यास लागणारे श्रम जवळजवळ सारखे होते, म्हणून लिहिणारास ‘ळ’ सोडून देण्याचा मोह होत नसे. फोनवर ‘ल’ पहिल्या थरात आणि ‘ळ’ दुसऱ्या थरात असेल, किंवा यादीत ‘वेरुल’ आधी आणि ‘वेरूळ’ नंतर येत असेल, तर हा समतोल बिघडतो. ज्या यंत्रावर बरोबर अक्षर हे चुकीच्या अक्षराइतकेच बोटाजवळ असते, ते यंत्र मराठी लिहिणारास सुलभ, अशी व्याख्या करावयास हरकत नाही. देवगाव रंगारीच्या रहिवाशास आपल्या गावाचे नाव जसे उच्चारतो तसेच, विचार न करता, लिहिता आले म्हणजे त्या व्याख्येची पूर्तता झाली असे समजावे.